घळीतली बाग आणि वीस बाटल्या

कॉलेजच्या आवारातली बाग बहुधा शोभेची असते. फाटकातून आत शिरले की मेंदीचे कुंपण, मध्ये एखादे बंद पडलेले कारंजे आणि ‘फुले तोडू नयेत’ अशी पाटी. वनस्पतिशास्त्र विभागाच्या मागे आणखी एक लहानशी बाग असते. प्रात्यक्षिकाच्या आदल्या संध्याकाळी तिथून जास्वंदीची फुले आणि एरंडाची पाने तोडून आणायची, एवढाच तिचा उपयोग. विद्यार्थी बागेत जात नाहीत. बागच तुकड्या-तुकड्यांनी त्यांच्या टेबलावर येते.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात, ईस्ट लान्सिंग येथे, विद्यापीठाच्या आवारात एक बाग आहे. ती नेमकी उलट वाटेने सुरू झाली. तिचा जन्म १८७३ सालचा. रेड सीडर नावाच्या लहान नदीच्या काठी, जुन्या झाडांच्या सावलीत, एका घळीत ती वसलेली आहे. आकार फार मोठा नाही, साधारण पाच एकर. खंड न पडता चालू असलेली याहून जुनी विद्यापीठीय वनस्पतिबाग अमेरिकेत नाही, असे ते विद्यापीठ सांगते. पण नुसत्या जुनेपणाचे कौतुक करायचे तर इटलीत पदुआ विद्यापीठाची बाग १५४५ सालची आहे. मिशिगनच्या बागेविषयी लिहायचे ते दुसऱ्याच कारणासाठी. ज्या शिक्षकाने ही बाग लावली, त्याने १८७९ साली विचारलेल्या एका प्रश्नाचे उत्तर अजून पुरे व्हायचे आहे. त्या उत्तराच्या चार बाटल्या आजही त्या आवारात जमिनीखाली आहेत.

जंगलातले कॉलेज

मिशिगनच्या विधिमंडळाने १८५५ मध्ये शेतकी कॉलेज काढण्याचा कायदा केला आणि १८५७ मध्ये वर्ग सुरू झाले. लान्सिंग या राजधानीपासून काही मैलांवर सुमारे पावणेसातशे एकर जमीन घेण्यात आली होती. शेतकी कॉलेज म्हणायचे, पण शेत कुठेच नव्हते, सगळे ओक वृक्षांचे रान. झाडे तोडणे, बुंधे उपटणे, वाटा काढणे ही कामे विद्यार्थ्यांनीच केली. प्रत्येकाने दररोज तीन तास अंगमेहनत करायची असा नियमच होता. अमेरिकेतील राज्यांना केंद्राकडून जमिनी देऊन अशी कॉलेजे काढायला लावणारा मॉरिल कायदा पुढे १८६२ साली झाला. तोवर मिशिगनचे कॉलेज पाच वर्षे चालू होते.

पण सगळे रान तोडले गेले नाही. इमारती उभ्या राहिल्या त्या एका मोठ्या वर्तुळाच्या कडेने, आणि मधला भाग झाडांचा म्हणून राहिला. सुरुवातीला यामागे काही थोर विचार होता असे मानायचे कारण नाही. इमारतींना पैसे कमी होते आणि जागा भरपूर होती. मात्र पुढे जेव्हा पैसे आले आणि जागा हवीशी वाटू लागली, तेव्हा ओ. सी. सायमंड्स या उद्यानरचनाकाराचा सल्ला घेण्यात आला. या मधल्या भागात कधीही इमारत बांधू नये, असे त्याने १९०६ मध्ये लिहून दिले. अशा सल्ल्यांचे पुढे काय होते, हे कोणत्याही संस्थेत काही वर्षे काढलेल्या माणसाला ठाऊक असते. इथे तो बऱ्याच अंशी पाळला गेला. कॉलेजच्या आधीपासून उभी असलेली काही झाडे एकविसाव्या शतकापर्यंत टिकली. त्यांतला सुमारे साडेतीनशे वर्षांचा एक पांढरा ओक २०१६ सालच्या वादळात पडला.

या आवारात १८७० साली विल्यम जेम्स बील हे वनस्पतिशास्त्राचे शिक्षक म्हणून आले. त्याच वर्षी कॉलेजात पहिल्या दहा मुली दाखल झाल्या. बील मिशिगनचेच, १८३३ साली शेतकऱ्याच्या घरात जन्मलेले. पुढचे शिक्षण मात्र हार्वर्डला झाले होते. तिथे त्यांना दोन गुरू भेटले. एक एसा ग्रे, त्या काळचे अमेरिकेतले सर्वांत मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ आणि डार्विनचे स्नेही. दुसरे लुई अगासी. अगासींना डार्विनचे म्हणणे अजिबात मान्य नव्हते, पण शिकवण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. नव्या विद्यार्थ्यापुढे ते एक मासा ठेवत आणि ‘पाहा’ एवढेच सांगून निघून जात. तासाभराने परत येऊन विचारत, ‘काय दिसले?’ विद्यार्थ्याने सांगितले की म्हणत, ‘अजून नीट पाहिले नाहीस.’ सॅम्युएल स्कडर नावाच्या विद्यार्थ्याला एकाच माशाकडे तीन दिवस पाहत बसावे लागले होते. ही हकीकत पुढे त्याने स्वतःच लिहिली. बील यांनी ही रीत मिशिगनला आणली. मासा जाऊन तिथे झाडाची फांदी आली, एवढाच फरक.

आधी फांदी, मग पुस्तक

त्या काळी वनस्पतिशास्त्र म्हणजे मुख्यतः पाठांतर असे. पानांच्या कडांचे प्रकार, फुलोऱ्यांचे प्रकार, लॅटिन नावे. बील पहिल्या दिवशी पुस्तक उघडू देत नसत. प्रत्येकाच्या हाती एकाच झाडाची डहाळी द्यायची आणि जे दिसेल ते लिहायला किंवा काढायला सांगायचे. डहाळीविषयी शिक्षकाने काही बोलायचे नाही. विद्यार्थ्याने चुकीचे सांगितले तरी लगेच दुरुस्त करायचे नाही, पुन्हा पाहायला पाठवायचे. या पद्धतीवर त्यांनी ‘न्यू बॉटनी’ या नावाचे व्याख्यान दिले आणि ते पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्धही झाले. शाळांसाठी त्यांनी बीजप्रसारावर एक छोटे पुस्तक लिहिले, ते १८९८ सालचे.

आता गंमत अशी की ही पद्धत राबवायची तर वर्गात रोज ताज्या डहाळ्या लागतात, आणि त्याही पन्नास जणांना पुरतील इतक्या. शिवाय एका वर्षी पाहिलेले झाड पुढच्या वर्षी पुन्हा पाहायला मिळाले पाहिजे. म्हणजे बाग हवी. घळीतली बाग जन्माला आली ती या गरजेतून.

ही घळ ‘स्लीपी हॉलो’ या नावाने ओळखली जाई. उतारावर मोठी झाडे, तळाशी ओहोळ आणि वसंतात नदीला पूर आला की आत शिरणारे पाणी. बांधकामाला निरुपयोगी, आणि बहुधा म्हणूनच शिक्षकाच्या वाट्याला आलेली जागा. १८७३ मध्ये बील यांनी तिथे पहिले वाफे केले ते फुलांचे नव्हेत. चाऱ्याची गवते आणि क्लोव्हर, अशा १४० जाती त्यांनी लावल्या. मिशिगनच्या शेतकऱ्याला गुलाबापेक्षा गवताची निकड होती. बील यांचा स्वतःचा अभ्यासही गवतांचाच. उत्तर अमेरिकेतील गवतांवरचा त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ पुढे प्रसिद्ध झाला.

गवतांच्या मागोमाग घळीत रानटी वनस्पती आल्या. सावलीत वाढणाऱ्या सावलीत, पाणथळीतल्या ओहोळाकाठी, उन्हातल्या वरच्या उतारावर. एकेका कुळाच्या सरळ ओळी लावण्याची युरोपातल्या जुन्या बागांची पद्धत सोडून, ज्या झाडाला जिथे राहायला आवडते तिथे त्याला ठेवायचे, हा विचार त्यामागे होता. म्हणून तिला ‘वाइल्ड गार्डन’, म्हणजे रानबाग, म्हणत. कुळवार वाफे, उपयुक्त वनस्पतींचे वाफे आणि मिशिगनमधून नाहीशा होत चाललेल्या वनस्पतींचा भाग हे सारे आज तिथे आहे, पण त्याचा गाभा घळच आहे.

बील यांचे लक्ष फक्त घळीपुरते नव्हते. त्या वर्षांत मिशिगनची पांढऱ्या पाइनची जंगले झपाट्याने तोडली जात होती. शिकागोपासून पुढच्या प्रेअरीपर्यंत घरे बांधली गेली ती या लाकडाची. तोडलेल्या जंगलात पडून राहिलेल्या फांद्यांनी १८७१ आणि १८८१ मध्ये भयंकर वणवे पेटले. झाडे संपतील आणि ती पुन्हा लावावी लागतील असे म्हणणारी माणसे तेव्हा थोडी होती. बील त्यांतले एक. १८८७ मध्ये राज्याने वनविषयक आयोग नेमला, त्याचे काम त्यांनी पाहिले. पुढच्याच वर्षी लिबर्टी हाइड बेली या आपल्या जुन्या विद्यार्थ्यासह ते उत्तर मिशिगनची तोडलेली माळराने पाहत एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत गेले. हेच बेली पुढे अमेरिकेतील उद्यानविद्येचे अध्वर्यू झाले. १८९६ साली बील यांनी कॉलेजच्या आवारात पाइनचे एक बनही लावले. तोडलेल्या जमिनीवर पाइन पुन्हा येतो, हे डोळ्यांनी दिसावे म्हणून.

बागेजवळ एक दगडी स्मारक आहे. तिथे बील यांनी १८७७ मध्ये मक्याचा संकर केला आणि त्यातून विसाव्या शतकातला संकरित मक्याचा चमत्कार घडला, अशा आशयाचा मजकूर त्यावर आहे. यातले पहिले खरे आहे. डार्विनने १८७६ मध्ये स्व-फलन आणि पर-फलन यांच्या परिणामांवर ग्रंथ लिहिला होता. त्यावरून स्फुरण घेऊन बील यांनी मक्याचे दोन वाण शेजारी लावले आणि एकाचे तुरे खुडून टाकले. म्हणजे त्याच्या कणसांवर दुसऱ्याचेच पराग पडणार. त्या दाण्यांपासून आलेल्या पिकाने भरघोस उत्पन्न दिले. पण ‘चमत्कार’ म्हणतात तो व्हायला आणखी बरेच काही लागले. आधी पिढ्यान्पिढ्या स्व-फलन करून शुद्ध वाण तयार करायचे आणि मग त्यांचा संकर करायचा, ही कल्पना जॉर्ज शल यांनी १९०८ मध्ये मांडली. ती शेतकऱ्याला परवडेल अशी केली डोनाल्ड जोन्स यांनी, त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी. आपल्याकडे हे तंत्र ज्वारीत आले ते १९६४ साली, सीएसएच-१ या वाणाच्या रूपाने, आणि खेडोपाडी ‘हायब्रीड’ हा शब्दच ज्वारीचे नाव होऊन बसला. दगडावर कोरताना माणसे थोडी उदार होतात, एवढे लक्षात ठेवून तो मजकूर वाचावा. तुरे खुडण्याची युक्ती मात्र बील यांचीच.

शेतकऱ्यांचा प्रश्न

बील शेतकऱ्यांच्या सभांना जात. तिथे त्यांना एक प्रश्न वारंवार विचारला जाई. समजा, आम्ही शेतात एकाही तणाला बी धरू दिले नाही, उगवले की उपटले, तर किती वर्षांनी शेत तणमुक्त होईल? प्रश्न साधा आणि रास्त होता. हराळी किंवा लव्हाळ्यासारखी तणे जमिनीतल्या कांड्यांनी आणि गाठींनी पसरतात. त्यांची गोष्ट वेगळी. पण माठ, घोळ, टाकळा, किंवा १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नोंदले गेलेले गाजरगवत हे सगळे बियांवर जगते. एकदा गळलेले बी जमिनीत किती वर्षे जिवंत राहते? उत्तर कोणत्याच पुस्तकात नव्हते. ज्याने शिष्यांना पुस्तकाआधी वस्तू पाहायला शिकवले, त्याला इथे पाहायला काही मिळत नव्हते, कारण वस्तू जमिनीखाली होती आणि तिला लागणारा काळ माणसाच्या आयुष्याहून मोठा असण्याची शक्यता होती.

१८७९ च्या शरद ऋतूत बील यांनी एकवीस जातींचे बी गोळा केले. बहुतेक सगळी तिथली तणे. आपल्या ओळखीचीही त्यांत काही सापडतात. घोळ होती, काळी मोहरी होती, माठाच्या प्रजातीतले एक तण होते. आंबट चुक्याचा एक भाऊबंद होता, इसबगोलाचा होता, राळ्याच्या प्रजातीतले एक गवतही होते. प्रत्येक जातीच्या पन्नास बिया मोजून घेतल्या, ओलसर वाळूत मिसळल्या आणि एका काचेच्या बाटलीत भरल्या. अशा वीस बाटल्या केल्या. बुचे लावली नाहीत. आवारातल्या एका वालुकामय उंचवट्यावर सुमारे वीस इंच खोल, ओळीने, तोंड तिरपे खाली करून त्या पुरल्या. तोंड वर ठेवले असते तर पावसाचे पाणी बाटलीत साचून बी कुजले असते. हवा आणि ओल बियांपर्यंत पोचावी, पण डबके होऊ नये, अशी ती योजना होती.

दर पाच वर्षांनी एक बाटली काढायची. म्हणजे प्रयोग शंभर वर्षांचा. बील तेव्हा शेहेचाळीस वर्षांचे होते.

वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा त्यांनी १८८० साली बागेजवळ बांधून घेतली होती. १८९० च्या मार्चमध्ये ती जळून गेली. लाकडी इमारत होती. जमिनीखालच्या बाटल्यांना अर्थातच काही झाले नाही. पहिली बाटली १८८४ मध्ये निघाली होती, तिसरी ठरल्याप्रमाणे १८९४ मध्ये निघाली. पहिल्या सहा बाटल्या बील यांनी स्वतः पाहिल्या. १९१० साली निवृत्त होताना त्यांनी प्रयोग आणि जागेची माहिती तरुण सहकारी हेन्री डार्लिंग्टन यांच्या हाती सोपवली. १९२४ मध्ये, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, बील वारले.

बाटल्यांनी काय सांगितले

काही जाती अगदी सुरुवातीलाच गळाल्या. गव्हाच्या शेतात येणारे कॉर्न कॉकल हे तण पहिल्या बाटलीतही उगवले नाही. विचार केला तर यात आश्चर्य नाही. या तणाचे बी गव्हाबरोबर कापले जाते, गव्हाबरोबर साठवले जाते आणि गव्हाबरोबरच पुन्हा पेरले जाते. त्याला जमिनीत थांबण्याची गरजच कधी पडली नाही. घोळ आणि माठाची जात यांनी चाळीस वर्षे दम धरला. काळी मोहरी पन्नाशीपर्यंत पोचली. १९५० साली, सत्तर वर्षांनी, तीनच जाती उरल्या होत्या. चुक्याचा भाऊबंद, संध्याकाळी फुलणारी इव्हिनिंग प्रिमरोज, आणि पिवळ्या फुलांचे मलेन.

पुढे एक मलेनच खऱ्या अर्थाने टिकले. त्याचे शास्त्रीय नाव व्हर्बॅस्कम ब्लाटारिया. या प्रजातीतली एक जात आपल्याकडेही ओलसर पडीक जागी दिसते. मलेनचा ताठ दांडा कमरेएवढा उंच होतो आणि बी खसखशीहून बारीक. बील यांच्या यादीत त्याचे नाव व्हर्बॅस्कम थॅप्सस असे होते. उगवलेली रोपे मात्र बहुतेक सगळी ब्लाटारियाची निघाली. बी गोळा करताना दोन शेजारणींची सरमिसळ झाली असावी.

मलेनचे आकडे वर्गात फळ्यावर लिहिण्यासारखे आहेत. पन्नास बियांपैकी १९७० साली उगवल्या दहा, १९८० साली एकवीस, २००० साली तेवीस. विद्यार्थ्यांना विचारावे, बी जुने होताना तरुण कसे झाले? उत्तर असे की प्रत्येक आकडा वेगळ्या बाटलीतला आहे. पन्नास ही संख्या लहान आहे, बाटली-बाटलीत थोडा फरक असतो आणि दरवेळी बी उगवायला ठेवण्याची परिस्थिती तंतोतंत सारखी नसते. अशा तीन आकड्यांवरून चढता आलेख काढू नये. एवढे मात्र निश्चित म्हणता येते, की एकशेवीस वर्षांनंतरही जवळजवळ निम्मे बी जिवंत होते.

मुळात शंभर वर्षांचा असलेला प्रयोग १९८० मध्येच का संपला नाही, असा प्रश्न पडेल. डार्लिंग्टन यांच्या वेळी, १९२० पासून, बाटली दर दहा वर्षांनी काढायचे ठरले. १९८० नंतर दर वीस वर्षांनी. उत्तर लांबत चालले आहे हे दिसल्यावर त्यांनी प्रश्नच लांबवला. या हिशेबाने शेवटची, विसावी बाटली निघेल २१०० साली.

सोळावी बाटली २०२० मध्ये निघायची होती. करोनाच्या साथीमुळे विद्यापीठ बंद झाले आणि ती १५ एप्रिल २०२१ ला निघाली. बागेचे प्रमुख राहिलेले फ्रँक टेलेव्स्की यांनी २००० सालीही बाटली काढली होती. या वेळी त्यांच्याबरोबर लार्स ब्रुडविग, मार्गरेट फ्लेमिंग, डेव्हिड लोरी आणि मार्जोरी वेबर हे तरुण शास्त्रज्ञ होते. पहाटे अंधारात, हातात नकाशा आणि कपाळावर हिरवे दिवे. पहिल्यांदा खणले ते थोडे बाजूला, बाटली मिळेना. नकाशा पुन्हा तपासून सरकल्यावर ती हाती लागली.

अंधार आणि हिरवा प्रकाश हा काही सोपस्कार नव्हे. पुष्कळ तणांचे बी उजेड मिळाल्यावरच रुजते. उजेड म्हणजे ‘तू आता पृष्ठभागाजवळ आहेस’ असा निरोप. बियांमध्ये फायटोक्रोम नावाचे एक रंगद्रव्य असते. तांबड्या प्रकाशाने ते कार्यान्वित होते. हिरव्याचा परिणाम फार कमी. अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथे सॅलडच्या पाल्याच्या बियांवर १९५० च्या दशकात झालेल्या प्रयोगांतून हे उलगडले. दिवसा बाटली उघडली तर बी मोजमाप सुरू होण्याआधीच जागे होईल. नांगरटीनंतर शेतात तणांची लाट का येते, याचेही एक कारण यातच आहे. नांगर खालचे बी वर आणतो, त्याला क्षणभर ऊन दाखवतो आणि पुन्हा मातीत टाकतो. तेवढा क्षण त्याला पुरतो. मातीत अशा प्रकारे थांबून राहिलेल्या बियांच्या साठ्याला आता बीजपेढी म्हणतात. शेतकऱ्यांच्या ज्या प्रश्नापासून बील निघाले, त्याचे उत्तर तोंड गोड करणारे नाही. काही तणांच्या बाबतीत शेतकऱ्याचे आयुष्य पुरत नाही.

२०२१ मध्ये मलेनच्या वीस बिया रुजल्या. त्यांतले एक रोप ब्लाटारिया आणि थॅप्सस यांचा संकर आहे, हे जनुकीय तपासणीतून २०२३ साली जाहीर झाले. बील यांनी बाटल्या पुरल्या तेव्हा जनुक हा शब्दही नव्हता.

जमीन कोणाची

बियांच्या दीर्घायुष्याची याहून मोठी उदाहरणे आहेत. चीनमधल्या एका आटलेल्या तळ्यात सापडलेले सुमारे तेराशे वर्षांपूर्वीचे कमळाचे बी रुजले आहे. इस्रायलमधील मसादा किल्ल्यात सापडलेल्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या खजुराच्या बीपासून २००५ मध्ये रोप झाले. पण ती सापडलेली बिया, त्यांचे वय मागाहून अंदाजाने काढलेले. मोजून, नोंद करून पुरलेल्या बियांची गोष्ट वेगळी. त्यातही बील यांचा प्रयोग सर्वांत चांगला आखलेला होता असे म्हणता येणार नाही. बाटलीतली वाळू म्हणजे शेतातली माती नव्हे, आणि प्रत्येक वेळी हाती येतात फक्त पन्नास बिया.

याहून चांगला प्रयोग झाला होता. १९०२ साली जे. डब्ल्यू. टी. डुव्हेल या शास्त्रज्ञाने व्हर्जिनियातील आर्लिंग्टन येथे, कृषिखात्याच्या प्रयोगक्षेत्रावर, १०७ जातींचे बी कुंड्यांत भरून निरनिराळ्या खोलींवर पुरले. जाती पाचपट, खोली तीन प्रकारची, आणि मागे सरकारचे पाठबळ. एकोणचाळीस वर्षांनी ३६ जाती जिवंत निघाल्या आणि तिथेच प्रयोग थांबवावा लागला. बी संपले म्हणून नव्हे. ती जमीन युद्धखात्याला हवी होती. पेंटागॉनची प्रचंड इमारत त्याच सुमारास, त्याच परिसरात उभी राहिली.

बील ज्या बागेत एसा ग्रे यांच्याकडे शिकले, ती हार्वर्डची केंब्रिजमधील वनस्पतिबागही आता नाही. विसाव्या शतकाच्या मध्याला तिच्या जागेवर घरे झाली. ग्रे यांच्यासारखा माणूस आणि हार्वर्डसारखे धनाढ्य विद्यापीठ पाठीशी असूनही ती टिकली नाही. मिशिगनची घळ टिकली. घळीभोवतीचे विद्यापीठ शेकड्यांनी इमारती बांधत वाढले, काठावर ग्रंथालयाची मोठी वास्तू आली, नदीच्या पुराने वाफे अनेकदा धुऊन नेले आणि तेवढ्या वेळा ते पुन्हा घातले गेले. बाटल्यांची जागा घळीपासून किती दूर, कोणत्या दिशेला, हे मात्र जाहीर केलेले नाही. एका वेळी मोजक्या माणसांनाच ते ठाऊक असते. ही गुप्तता खोडकर विद्यार्थ्यांपासून बाटल्या वाचवते, पण माहिती असणारी माणसे अचानक गेली तर प्रयोग हरवण्याचा धोकाही तीच निर्माण करते. म्हणूनच २०२१ मध्ये एकाच्या जागी चार तरुण बरोबर घेतले गेले. सतरावी बाटली २०४० मध्ये काढायची आहे.

असा प्रयोग आपल्या शाळेच्या आवारात सहज करता येईल, आणि शंभर वर्षांचाच केला पाहिजे असे नाही. दहा बाटल्या, दरवर्षी एक. टाकळा, घोळ, माठ आणि तुलनेसाठी ज्वारी, प्रत्येकी पन्नास बिया. टाकळ्याचे टरफल कठीण असते, ज्वारीचे नसते; फरक पहिल्या-दुसऱ्या वर्षीच दिसू लागेल. काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचते, म्हणून मुरमाड उताराची जागा निवडावी आणि बाटलीचे तोंड खाली करावे. बाटली संध्याकाळनंतरच उकरावी. जागेचा नकाशा करताना मोजमाप झाडापासून किंवा कुंपणापासून घेऊ नये, ती दोन्ही हलतात. इमारतीचा कोपरा आणि विहीर अशा दोन पक्क्या खुणा धराव्यात. नकाशाची एक प्रत शाळेच्या दप्तरात ठेवावी, कारण तोवर मुख्याध्यापकांची दोन-तीनदा बदली झालेली असेल. दुसरी प्रत गावातच राहणाऱ्या एखाद्या माजी विद्यार्थ्याकडे द्यावी.